चौसष्ट किलोचा रक्तदाता

दाजींनी, म्हणजे माझ्या मोठ्या नणंदेच्या नवऱ्याने, वांगणीला फार्महाऊस बांधलं आणि राखणीला ग्रेट डेन जातीचा कुत्रा आणला. कुत्रा जेवढा उंच तेवढा चोर लांब, असा त्यांचा विचार होता. दीड वर्षाचा होईपर्यंत त्या कुत्र्याचं डोकं जेवणाच्या टेबलाच्या वर आलं. दाजी शनिवारी जायचे, फाटकाजवळ त्याच्याबरोबर फोटो काढायचे आणि रविवारी संध्याकाळी परत यायचे. मधले पाच दिवस कुत्रा एकटा.

ग्रेट डेनला एकटं राहता येत नाही, हे दाजींना कोणी सांगितलं नव्हतं. अंगावरचे केस आखूड, म्हणून थंडीत कुडकुडतो. उघड्या लादीवर झोपून कोपरांना गाठी येतात. आणि माणूस दिसलं नाही की रडतो. आवाज देहाच्या मापाचा असल्यामुळे ते रडणं पार स्टेशनपर्यंत जायचं. गावातल्या लोकांनी तक्रार केली. तेवढ्यात विहिरीवरची मोटर चोरीला गेली. शेजारच्या वाडीतून फार्महाऊसवर लक्ष ठेवणाऱ्या म्हाताऱ्याचा फोन आला तेव्हा दाजी आमच्याकडेच बसले होते. त्यांनी स्पीकर लावला.

"कुत्रा भुंकला नाही का?" दाजींनी विचारलं.

"भुंकल कशाला? मी लांबून बघत व्हतो. ते मोटर घेऊन निंगाले, तर ह्यो त्यांच्या संगतीनं डांबरी रस्त्यापरत गेला. त्यांना सोडून परत आला."

दाजींनी फोन ठेवला आणि पाणी मागितलं. पुढच्या रविवारी कुत्रा पालेगावला आमच्या घरी आला, पंधरा दिवसांसाठी. आमची मुलगी पुण्याला शिकायला गेल्याने एक खोली रिकामी होती, हे दाजींना माहीत होतं. पंधरा दिवसांनी त्यांनी तांदळाची एक गोणी पाठवली आणि विषय काढला नाही.

माझं काम रक्त काढण्याचं. उल्हासनगरला एका लॅबमध्ये मी एकवीस वर्षं लोकांच्या दंडाला रबर बांधते आहे. नवरा अंबरनाथच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये. घरी सासूबाई. आमच्यापैकी कोणीही कधी कुत्रा पाळला नव्हता. घर दुसऱ्या मजल्यावर, आणि कुत्रा आल्यावर चौथ्या दिवशी सोसायटीने लिफ्टमध्ये 'मोठे जनावर नेऊ नये' असा कागद लावला. सोसायटीत दुसरं मोठं जनावर नव्हतं.

त्याचा स्वभाव कळायला आठवडा लागला. तो रागवायचा नाही, भुंकायचा क्वचित, आणि माणसाला टेकायचा. ही जात टेकते. आपण ओट्याशी उभे असलो की तो मागून यायचा आणि सगळं वजन आपल्या मांडीवर सोडून द्यायचा. सासूबाई भाकरी थापत असताना पहिल्यांदा टेकला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी ओटा धरला आणि मला हाक मारली, "अगं, याला मणका नाही का?"

खाण्यावरून मात्र वाद झाले. सासूबाईंच्या मते एवढ्या मोठ्या जिवाला एकदाच पोटभर वाढावं. मी इंटरनेटवर वाचून दिवसातून तीन वेळा थोडं थोडं द्यायचे. त्यांना ते हात आखडता घेणं वाटायचं. शेवटी लसीकरणाला गेलो तेव्हा मी त्यांना बरोबर नेलं. डॉक्टर अंबरनाथ पूर्वेचे, कमी बोलणारे गृहस्थ.

"आजी, खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांचं पोट आतल्या आत फिरतं," ते म्हणाले. "एकदम भरपूर खाल्लं, वर पळापळ केली, की पोट फुगतं आणि पिळा पडतो. काही तासांत ऑपरेशन नाही झालं तर संपला."

त्या दिवसापासून त्याचं जेवण झालं की सासूबाई टीव्हीसमोर बसायच्या, त्याला शेजारी बसवायच्या आणि एक तास उठू द्यायच्या नाहीत. तोही बसायचा. कोपरांसाठी त्यांनी जुन्या गादीतला कापूस पिंजून घेतला आणि जाड बैठक शिवली. फार्महाऊसवर आलेल्या गाठी सहा महिन्यांत मऊ पडल्या.

मग शेपटीचं प्रकरण झालं. डेनची शेपटी लांब, बारीक आणि चाबकासारखी असते. आनंद झाला की ती हलते, आणि आमच्या जिन्यात ती हलली की दोन्ही बाजूंच्या भिंतींना लागते. टोक फुटलं. त्याला दुखल्याचं लक्षात आलं नाही, तो हलवतच राहिला. मी लॅबमधून आले तर सेक्रेटरी खालीच उभे होते.

"वहिनी, जिन्यात रक्त उडालंय. तळापासून तुमच्या दारापर्यंत. घरात काही झालंय का?"

"शेपटी आपटली असेल."

"कोणाची?"

मी वर जाऊन पाहिलं. माझा अंदाज पाच मिली. दिसत होतं बादलीभर. भिंतींवर पंख्याने उडवल्यासारखे शिंतोडे. मी हायड्रोजन पेरॉक्साइडने जिना पुसून काढला. पट्टी दोन दिवसांत तीनदा सुटली. मग नवऱ्याने एसीच्या तांब्याच्या पाइपवर चढवतात ती काळी फोमची नळी आणली, दीड वीत कापून शेपटीवर बसवली आणि वर चिकटपट्टी मारली. जखम तीन आठवड्यांत भरली. त्या काळात सोसायटीत काही लोकांना वाटलं की कुत्र्यावर काही यंत्र बसवलंय. आम्ही खुलासा केला नाही, कारण तेवढे दिवस लिफ्टमधल्या कागदाबद्दल कोणी बोललं नाही.

रक्तदानाची गोष्ट तो अडीच वर्षांचा असताना सुरू झाली. आम्ही जंतांच्या गोळीसाठी दवाखान्यात गेलो होतो. आत टेबलावर एक लॅब्रेडोर पडलेली होती, हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या. गोचीडताप. आपल्याकडे हा ताप कुत्र्यांना फार होतो. रक्तातल्या पेशी संपत जातात. मालक-मालकीण भिंतीला टेकून उभे. आमचा कुत्रा दाराच्या मधोमध आडवा पसरला होता आणि लोक त्याला ओलांडून जात होते. एकाचा पाय त्याच्या पंजावर पडला. त्याने पंजा काढून घेतला, बस.

डॉक्टर त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिले. "वजन किती याचं?"

"चौसष्ट."

"गोचीडताप झालाय कधी?"

"नाही."

"ताई, याचं रक्त मिळेल का? मोठा, निरोगी, शांत कुत्रा लागतो. मोठे खूप आहेत. शांत मिळत नाही. भूल न देता पंधरा मिनिटं मानेत सुई ठेवून पडून राहायचं असतं."

मी एकवीस वर्षांत हजारो माणसांना 'काही होत नाही, मुंगी चावल्यासारखं वाटेल' असं सांगितलं असेल. त्या दिवशी माझ्या तोंडातून पहिला प्रश्न आला तो "दुखेल का?"

आधी त्याच्याच रक्ताची तपासणी केली, मग दोघांचं जुळवून पाहिलं. मानेवरचे केस काढले. मी खाली बसले, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि मोकळ्या हाताने पिशवी हळूहळू हलवत राहिले, रक्त गोठू नये म्हणून. माझ्याकडे येणारे पेशंट सुई बघून तोंड फिरवतात, काही जण घाम पुसतात. एक पोलीस तर खुर्चीतून घसरला होता. हा झोपला. अर्धी पिशवी भरली तेव्हा घोरायला लागला. लॅब्रेडोरची मालकीण रडता रडता थांबून म्हणाली, "हा आवाज याचा आहे?"

लॅब्रेडोर जगली. त्या रात्रीच्या जेवणात सासूबाईंनी त्याला दोन उकडलेली अंडी घातली आणि मानेवरचा पांढरा चौकोन बघून म्हणाल्या, "मला विचारायचं तरी."

त्यानंतर लोकांकडे आमचा नंबर जात राहिला. डॉक्टरांनी नियम घालून दिला होता: दोन दानांच्या मध्ये निदान तीन महिने, आणि प्रत्येक वेळी आधी तपासणी. पहिल्या दीड वर्षात त्याने पाच वेळा रक्त दिलं. जयंतीला विहारात रक्तदान शिबिर असतं. नवरा दर वर्षी देतो. त्या वर्षी तो प्रमाणपत्र आणि बिस्किटचा पुडा घेऊन घरी आला, कुत्र्याकडे बघितलं आणि प्रमाणपत्र कपाटात ठेवून दिलं.

पाचवं दान उल्हासनगरच्या एका रॉटवायलरला होतं. मालक सत्तरीचे सिंधी काका, कपड्यांचं दुकान. कुत्रा त्यांच्या बायकोने पाळलेला. ती वारल्यावर तो काकांशिवाय कोणालाच जवळ येऊ देत नव्हता. रॉटवायलर एक माणूस निवडतो आणि उरलेल्या जगावर संशय घेतो. त्या कुत्र्याने काकांच्या सुनेला दोन वर्षं स्वयंपाकघराच्या बाहेरच थांबवलं होतं. सून याबद्दल फारशी तक्रार करत नसे, असं काकाच म्हणाले.

शुक्रवार होता, म्हणजे दुरुस्तीच्या नावाखाली लाइट बंद. दवाखान्यात खिडकीच्या उजेडात काम चाललं होतं. रॉटवायलरचं हिमोग्लोबिन चारवर आलेलं, उभं राहायची ताकद नाही, तरी डॉक्टरांनी पायाला हात लावला की ओठ वर जायचा. काकांनी त्याचं डोकं छातीशी धरलं होतं आणि डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"काका, तुम्ही बाहेर बसा," डॉक्टर म्हणाले.

"मैं गया तो ये तुमको सुई नहीं लगाने देगा," काका डोळे न उघडता म्हणाले. "मुझे खून नहीं देखना, बस. पुट, चुप. चुप, पुट." पुट म्हणजे सिंधीत मुलगा. ते कुत्र्याशी बोलत होते.

दोन नर, म्हणून आमच्या कुत्र्याचं रक्त शेजारच्या खोलीत काढलं आणि मी दार ओढून घेतलं. पिशवी घेऊन मी आत गेले. डॉक्टरांनी ती लावली. दहाएक मिनिटं झाली असतील, दाराची मूठ खाली गेली. डेनला मुठीचं दार उघडता येतं. आमच्या घरी आम्ही त्यासाठी कडी लावतो. तो मानेला पट्टी बांधलेल्या अवस्थेत आत आला, खोलीत एकच माणूस उभं राहून थरथरतंय हे पाहिलं, आणि जाऊन काकांना टेकला.

काका टेबलावर वाकले. त्यांचे डोळे अजून मिटलेलेच होते. "कौन है?" त्यांनी विचारलं.

टेबलावरून गुरगुर आली. आधी बारीक, मग खोल.

मी पट्टा धरायला धावले. डॉक्टर मात्र हातातली नळी तशीच धरून म्हणाले, "राहू द्या. तीन दिवसांत पहिल्यांदा गुरगुरलाय. चांगलं लक्षण आहे."

रॉटवायलर वाचला. पुढे काका अधूनमधून मला लॅबमध्ये भेटायला यायचे आणि सांगायचे की तब्येत छान आहे, काल मीटर बघायला आलेल्या माणसाला दोन तास बाहेर थांबवलं.

या सगळ्यात मला थोडा गर्व झाला होता, हे कबूल करायला हवं. फोन आला की मी जरा सावकाश बोलायला लागले होते.

काकांच्या कुत्र्यानंतर पंचवीस दिवसांनी, सकाळी सात वाजता, बदलापूरहून एका बाईचा फोन आला. तिची जर्मन शेफर्ड मादी, सहा वर्षांची, तोच ताप. मी तारीख सांगितली आणि जमणार नाही म्हटलं. तिने डॉक्टरांना विचारलं, त्यांनीही नाही सांगितलं. तिने मला आणखी दोनदा फोन केला. मी कामावर गेले.

अकराच्या सुमारास मी पुढच्या पेशंटला बोलावलं. चाळिशीची बाई येऊन खुर्चीत बसली. मी सवयीने म्हटलं, "हात पुढे करा."

"मला टेस्ट नाही करायची, ताई," ती म्हणाली. "मी बदलापूरची, शिरगावात राहते. सकाळी फोन केला होता. नंबर लावला तरच आत सोडतात म्हणाले, म्हणून नंबर लावला."

मी रबर खाली ठेवलं.

"माझं चालत असतं तर मी दिलं असतं," ती म्हणाली.

"नाही चालत."

"माहितेय. तुमच्या कुत्र्याचं परत काढलं तर काय होईल?"

मी म्हटलं, अशक्तपणा येतो, नियम आहे, डॉक्टर तयार नाहीत. हे सगळं खरं होतं. पण तिने विचारलं होतं काय होईल, आणि त्याचं खरं उत्तर असं होतं की चौसष्ट किलोच्या कुत्र्याला बहुतेक काही झालं नसतं. बहुतेक. त्याच्या मानेवरचे केस अजून आले नव्हते. त्याला विचारता येत नाही, आणि विचारलं असतं तर तो टेकला असता. त्याच्या वतीने नाही म्हणणारं दुसरं कोणी नव्हतं. म्हणून मी नाही म्हटलं. तिने मान हलवली आणि उठली. मागे सत्तावीस लोक बसले होते. मी दिवसभर मधल्या वेळेत ओळखीच्यांना फोन केले. एक बॉक्सर मिळाला, त्याला सहा महिन्यांपूर्वी गोचीडताप होऊन गेलेला होता, त्यामुळे तो चालत नव्हता.

सव्वाचारला तिचा मेसेज आला: 'गेली.'

मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. "डॉक्टरच नाही म्हणाले होते ना?" त्याने विचारलं.

"हो."

"मग?"

"मग काही नाही."

कुत्रा माझ्याजवळ आला. मी त्याला त्या दिवशी जरा ढकललं. सासूबाई कोथिंबीर निवडत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "एवढ्या तीन गावांत मोठा कुत्रा हा एकच आहे का?"

पुढच्या रविवारपासून आम्ही शोधायला लागलो. नवऱ्याची स्कूटर, मागे मी, हातात शाळेची वही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. मोठे कुत्रे भरपूर निघाले. बदलापूरला एका बंगल्यात कॉकेशियन शेफर्ड होता. मालकांनी जमीन विकून बंगला बांधला होता आणि बंगल्याला साजेसा कुत्रा आणला होता. तो मालकांना ओळखत होता, पण मानत नव्हता. ते त्याला जाळीच्या बाहेरून काठीने भांडं सरकवत. "रक्त घ्या ना," ते आम्हाला अगदी मनापासून म्हणाले, "फक्त आत तुम्ही जा." उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये एक सेंट बर्नार्ड. बर्फातली जात, ती एसीच्या खोलीत राहायची आणि मार्च ते जून बाहेर पडायची नाही. स्वभाव सोन्यासारखा, पण हृदयाचा त्रास. एका केन कोर्सोच्या मालकाने विचारलं की रक्त काढल्यावर कुत्रा थंड पडतो का. नाही म्हटल्यावर तो हिरमुसला, कारण त्याला थोडा थंडच हवा होता. काकांनी आपला रॉटवायलर दोनदा देऊ केला. ताप होऊन गेलेल्याचं चालत नाही, हे मी त्यांना दोनदा समजावलं.

तीन महिन्यांत वहीत सव्वीस कुत्रे झाले आणि त्यातले चार कामाचे निघाले. बाकीच्यांचं काय चुकलं होतं, तर बहुतेकांचं काहीच नाही. पहाटे दोन तास चालायला हवं असलेला कुत्रा बाल्कनीत बांधला होता. दुसऱ्या एकाला लहानपणी चार माणसं दिसायला हवी होती, त्याला एकच दिसलं होतं.

शिरगावच्या बाईचा फोन याच सुमारास आला. मी नंबर ओळखला आणि दोन रिंग होऊ दिल्या.

"ताई, तुम्ही यादी करताय असं डॉक्टर म्हणाले."

"हो."

"तुम्ही लॅबमध्ये असताना फोन उचलता येत नाही. मी घरीच शिवणकाम करते. मशीनवर बसून फोन घेता येतो. माझ्याकडे आता कुत्रा नाही. वेळ आहे."

तिने वही नेली. कोणाचं रक्त कधी काढलं, पुढचं कधी चालेल, कोणाला गाडी लागते, कोणाचा मालक दुपारी झोपतो, सगळं तिने लिहायला सुरुवात केली. जर्मन शेफर्डचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. एकदा फक्त, यादीत जर्मन शेफर्ड किती, असं मी सहज विचारलं. "तीन," ती म्हणाली. "मी बघायला नाही गेले. फोनवरच लिहिलं."

आमचा कुत्रा सात वर्षांचा झाला तेव्हा डॉक्टरांनी त्याला तपासून पुरे म्हणून सांगितलं. या जातीचं आयुष्य आठ-दहा वर्षांचं. मागचे पाय जड झाले होते. जिना उतरताना नवरा त्याच्या पोटाखालून टॉवेल घालून दोन्ही टोकं धरतो. सेक्रेटरींनी हे एक दिवस पाहिलं आणि लिफ्टमधला कागद स्वतः काढला. त्याने एकूण सोळा वेळा रक्त दिलं. त्यातली अकरा जनावरं जगली. पाच नाही जगली.

डॉक्टरांनी पुरे म्हटलं त्याच्या पुढच्या आठवड्यातच उल्हासनगरहून एका पिल्लासाठी फोन आला. शिरगावच्या बाईंनी बदलापूरच्या बुलमास्टिफ मादीचा नंबर लावला. तीन वर्षांची, जिम चालवणाऱ्या माणसाची. तिचं हे पहिलंच दान, म्हणून मी सुट्टी टाकून गेले. ती गाडीतून उतरली, दवाखान्याच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि बसली. मालकाने ओढलं. दंड भरदार असूनही काही उपयोग झाला नाही. बुलमास्टिफ ओढून हलत नाही. तिला जबरदस्ती कळते आणि ती आणखी जड होते.

"उचलू का?" मालकाने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "उचलून आणलेली आत पडून राहणार नाही. पट्टा सोडा."

आम्ही तिघं, मी, मालक आणि शिरगावच्या बाई, बाकावर बसलो. डॉक्टरांनी आतून एकदा डोकावून घड्याळ बघितलं. पस्तीस मिनिटं ती उंबऱ्यात बसून रस्त्यावरच्या रिक्षा बघत होती. मग उठली, आमच्या तिघांचे पाय हुंगले, आत गेली आणि टेबलाखाली जाऊन आडवी झाली. टेबलावर घ्यायचं कोणी सुचवलं नाही. डॉक्टर फरशीवर मांडी घालून बसले. मी पिशवी हातात घेतली. शिरगावच्या बाईंनी खाली वाकून तिचं डोकं धरलं, आणि मी पिशवी हलवायला लागले.